नेरुळचा जुना फ्लॅट विकायचा आहे : आधी नूतनीकरण करावे की आहे तसाच दाखवावा?

विचारणा (माहेर नेरुळ, सध्या डोंबिवली)

नमस्कार. नेरुळ पूर्वेला आमच्या आईवडिलांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. इमारत १९९४ सालची, चार मजल्यांची आणि लिफ्ट नसलेली असून आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. करारपत्रात चटईक्षेत्र ५६० चौरस फूट लिहिलेले आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. गेल्या दिवाळीपासून आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून घर बंदच आहे. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ अशा तिघांनी एकत्र बसून ते विकायचे ठरवले असून गुढीपाडव्याच्या सुमारास सुरुवात करावी असा विचार आहे.

अडचण घराच्या अवस्थेची आहे. खाली मोझॅकच्या लाद्या आहेत, त्या धड आहेत, पण जुनाट दिसतात. स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा आहे. हॉलमध्ये वडिलांनी २००६ साली सुताराकडून करून घेतलेले भिंतभर शोकेस आहे. बाथरूमचे दार खालून कुजले आहे. सर्वांत मोठी काळजी आतल्या खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीची वाटते. तिथे खिडकीखाली दर पावसाळ्यात ओल येते, रंगाला फुगे धरतात आणि हात फिरवला की पांढरी भुकटी बोटांना लागते.

भावाचे म्हणणे असे आहे की सहा-सात लाख रुपये घालून नव्या लाद्या, मॉड्युलर किचन आणि हॉलमध्ये फॉल्स सीलिंग करून घेतले तर घर दहा-बारा लाखांनी जास्त किमतीला जाईल. शेजारच्या काकांनी नेमका उलट सल्ला दिला. घेणारा सगळे तोडून नवेच करतो, तेव्हा एक पैसाही घालू नका, असे ते म्हणाले. एका रंगाऱ्याला घर दाखवले, तर त्याने ओलीच्या जागी जाड पुट्टी भरून वर वॉलपेपर लावून देतो, पावसाळ्यापर्यंत कोणाला काही कळणार नाही, असे सांगितले. मला ते पटलेले नाही, पण भावाला त्यात फारसे वावगे वाटत नाही. घरांच्या व्यवहारात असलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (इस्टेट एजंट, वाशी-नेरुळ)

ताई, मी गेली बावीस वर्षे वाशी, सानपाडा, नेरुळ आणि बेलापूर या पट्ट्यात घरांचे व्यवहार करतो. सल्ला देण्याआधी माझा स्वतःचा फायदा कशात असतो ते सांगणे मला आवश्यक वाटते. मला व्यवहाराच्या रकमेच्या एक टक्का दलाली मिळते. आपण सात लाख घालून घर दहा लाखांनी महाग विकले, तर त्यातले माझ्या वाट्याला दहा हजार येतात, मात्र त्या कामापायी घर तीन महिने अडकले तर माझेही तीन महिने जातात. म्हणून ‘काही करू नका, लगेच विकून टाकू’ असे म्हणण्याकडे आमच्या व्यवसायातल्या माणसाचा कल असतो. माझे पुढचे म्हणणे आपण तेवढी सूट धरूनच वाचावे.

माझे मत असे आहे की आपण दुरुस्ती पूर्ण करावी आणि सजावटीला हात लावू नये. जे बिघडले आहे ते पूर्ववत करणे ही दुरुस्ती, आणि आपल्या आवडीचे काही नवे बसवणे ही सजावट, असा भेद मी करतो. काकांचा सल्ला सजावटीपुरता बरोबर आहे, दुरुस्तीच्या बाबतीत नाही.

सर्वांत आधी आपल्या संस्थेत पुनर्विकासाचा विषय सर्वसाधारण सभेपुढे आला आहे का, याची चौकशी करा. इमारतीला तीस वर्षे होऊन गेली आहेत आणि महापालिका हद्दीत एवढ्या जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याचा अहवाल संस्थेच्या कार्यालयातून मागून घ्या, कारण जाणता ग्राहक पहिल्याच भेटीत तो मागतो. अशा इमारतीत घेणारा माणूस मुख्यतः चटईक्षेत्र, जागा आणि पुढे मिळू शकणारे नवे घर यांचे पैसे मोजत असतो. आपण महागड्या लाद्या बसवल्या तरी चार-पाच वर्षांत त्या ढिगाऱ्यात जाण्याची शक्यता आहे हे त्याला ठाऊक असते, आणि त्या लाद्यांची किंमत तो मनात धरतच नाही.

दुसरे कारण बँकेचे आहे आणि ते आपल्या भावाला मुद्दाम समजावून सांगावे असे मला वाटते. हिशेबाच्या सोयीसाठी किंमत १ कोटी २० लाख धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँकेला घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते, म्हणजे ९० लाख. उरलेले ३० लाख घेणाऱ्याने स्वतः आणायचे असतात. मुद्रांक शुल्क त्या कर्जात धरले जात नाही, आणि ते ६ टक्क्यांनी मोजले तरी ७ लाख २० हजार होते. नोंदणीचे ३० हजार, आमच्यासारख्याची दलाली, संस्थेचे २५ हजारांपर्यंतचे हस्तांतरण अधिमूल्य आणि जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्या सिडकोचे हस्तांतरण शुल्क हे सगळे त्यावर येते. चाळीस लाखांच्या घरात स्वतःची रक्कम उभी केलेला हा माणूस असतो. बँकेचा मूल्यांकक घर पाहायला येतो तेव्हा तो चटईक्षेत्र, मजला, इमारतीचे वय आणि त्या सेक्टरमधील अलीकडचे व्यवहार लिहून घेतो; ट्रॉल्या आणि फॉल्स सीलिंग यांचे पैसे तो किमतीत मिळवत नाही. त्यामुळे सजावटीचे म्हणून मागितलेले वाढीव दहा लाख घेणाऱ्याला कर्जातून मिळत नाहीत, ते संपूर्ण त्याच्या खिशातून जाणार असतात, आणि तेवढी जास्तीची रक्कम त्याच्याजवळ असेल तर तो स्वतःच्या पसंतीचे स्वयंपाकघर करून घेईल. हाच मूल्यांकक मंजूर नकाशाशी घर ताडून पाहतो, म्हणून स्वयंपाकघर मोठे दिसावे यासाठी मधली भिंत पाडण्याचा विचार कोणी सुचवला तर तो मुळीच मानू नका.

लोक घर पाहायला येतात तेव्हा नक्की काय पाहतात, याविषयी एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी सानपाड्याला एक कुटुंब आले होते, मुलगा, सून आणि मुलाची आई. तरुण मंडळी हॉलमधल्या नव्या दिव्यांचे कौतुक करत होती. आजी कोणाशी न बोलता थेट मोरीत गेल्या, नळ पूर्ण सोडला आणि बादली भरेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग ओट्याशी उभे राहून त्यांनी हात वर करून डबे कुठपर्यंत पोहोचतील ते पाहिले, माळ्याचे दार उघडून वास घेतला, सकाळचे ऊन कोणत्या खोलीत येते ते विचारले आणि देवघरासाठी ईशान्येचा कोपरा शोधला. जिना उतरताना त्या मुलाला एवढेच म्हणाल्या की घर कोरडे आहे. व्यवहार त्या वाक्यावर ठरला. तेव्हापासून मी विकणाऱ्याला सांगतो की पाणी, उजेड, वारा आणि कोरडेपणा या चार गोष्टींवर आधी खर्च करा. मोरबे धरण महापालिकेच्या मालकीचे असल्याने नवी मुंबईत पाण्याची ददात फारशी नसते, आणि कल्याण-डोंबिवलीकडून येणाऱ्या लोकांना त्याचे मोठे अप्रूप असते. अशा घरात नळाचीच धार बारीक आली तर आपले सर्वांत बळकट म्हणणे लंगडे पडते. म्हणून जुने, गंजलेले नळ आणि झडपा बदलून घ्या.

आपल्या घरापुरते बोलायचे तर मी पहिल्यांदा ते शोकेस काढायला सांगेन. वडिलांनी हौसेने केलेली वस्तू आहे हे मी जाणतो, परंतु दीड फूट खोलीचे शोकेस दहा फुटी हॉलला साडेआठ फुटांचा करून टाकते, आणि वीस वर्षांच्या प्लायमागे वाळवी असण्याची शक्यताही राहते, जी आपणच आधी पाहिलेली बरी. मोझॅक बदलू नका, त्याला मशीनने पॉलिश करून घ्या. दोन-तीन दिवसांचे काम आहे, आणि चांगल्या घोटलेल्या मोझॅकला जी झळाळी येते ती पाहून लोक स्वतःहून ‘या लाद्या ठेवू या’ असे म्हणालेले मी ऐकले आहे. कडाप्पा घासून स्वच्छ करा, ओट्याच्या कडा आणि टाइल्सच्या फटी नीट भरून घ्या, ग्रॅनाइट बसवू नका. कुजलेले दार काढून पाण्याने न फुगणारे पीव्हीसीचे दार लावा. चिरलेले स्विचबोर्ड बदला, प्रत्येक खोलीत चालू दिवा असू द्या, खिडक्यांचे जड पडदे उतरवा, स्लायडिंगच्या खाचा साफ करून घ्या आणि सगळ्या घराला एकच फिकट रंग द्या, म्हणजे खोल्या एकमेकींत मिसळून घर मोठे वाटते. एवढे सगळे माझ्या अंदाजाने दीड-दोन लाखांत बसेल. या रंगरंगोटीचा खर्च कराच्या हिशेबात घराच्या सुधारणेचा खर्च म्हणून धरला जात नाही, तेव्हा ‘पुढे भांडवली नफ्यातून वजा होईल’ असे कोणी सांगितले तर त्या भरवशावर आकडा वाढवू नका.

बंद घराची एक बाब हमखास दुर्लक्षित राहते. मोरी आणि संडासाच्या जाळीखालच्या वळणदार नळीत जे पाणी साठून असते, ते घर महिनोन् महिने बंद राहिले की सुकून जाते आणि गटाराचा वास सरळ घरात येतो. ग्राहक यायच्या आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओता आणि खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा. कोंदट वासाने जेवढे ग्राहक परत गेलेले मी पाहिले आहेत, तेवढे जुन्या लाद्यांमुळे गेलेले पाहिलेले नाहीत.

आता ओलीविषयी. रंगारी म्हणतो ते करू नका. घरभर साधा रंग आणि एकाच भिंतीला वॉलपेपर दिसला, की मी आणि माझ्यासारखा कोणीही पहिल्यांदा तिथेच तळहात टेकवून पाहतो. पण उघडकीला येण्याची भीती हे त्यामागचे मुख्य कारण नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. जो माणूस आयुष्यभराची कमाई आपल्या हातावर ठेवतो, त्याला पहिल्याच आषाढात ती भिंत भेटू नये, असे मला मनापासून वाटते. बाहेरच्या भिंतीतून येणारी गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे. चिटणीसांच्या नावे आजच लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि काम पावसाळ्याआधी करून मागा.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, कारण रंग वाळण्यापेक्षा याला जास्त वेळ लागतो. घर वडिलांच्या नावावर असेल आणि आईंचे नाव नामनिर्देशनात असेल, तरी नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. मृत्युपत्र नसल्यास आई, आपण आणि भाऊ हे समान वाटेकरी ठरता (वडिलांच्या आई हयात असतील तर त्यांचाही वाटा असतो). तिघांनी विकणारे म्हणून सह्या करायच्या की दोघांनी आईंच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचे, हे वकिलाशी बोलून आधी ठरवा. नवी मुंबईतील जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली असल्याने वडिलांनंतरची नावाची नोंद आणि विक्रीसाठीचे हस्तांतरण याबाबत सिडकोच्या कार्यालयात काय लागेल, तेही आत्ताच विचारून घ्या.

उत्तर २ (फ्लॅटधारक, ऐरोली)

वरच्या उत्तरातील ओलीच्या मुद्द्यावर मला आलेला अनुभव लिहितो. आम्ही काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात ऐरोलीला घर घेतले. मुलांच्या खोलीची एक भिंत विटांच्या नक्षीच्या वॉलपेपरने सजवलेली होती आणि मुलांना तीच खोली सर्वांत आवडली होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या वॉलपेपरचा खालचा कोपरा सुटला. मी तो ओढला तर सबंध पट्टाच हातात आला आणि मागे काळ्या बुरशीचा नकाशा उमटलेला दिसला. धाकटीला दम्याचा त्रास आहे. तो सबंध पावसाळा आम्ही चौघे हॉलमध्ये झोपलो.

पैशांची भरपाई कशीबशी झाली, परंतु ज्या गृहस्थांनी आम्हाला चहा पाजून, ‘तुमच्या मुलांना हे घर लाभेल’ असे म्हणून किल्ल्या दिल्या, त्यांना ती भिंत ठाऊक होती, हे मी अजून विसरू शकलेलो नाही. त्यांनी आधी सांगितले असते तर आम्ही दीड लाख कमी करून मागितले असते आणि तरीही ते घर घेतले असते. ताई, आपल्या भावाला हे जरूर वाचायला द्यावे.

उत्तर ३ (घरांचे व्यवहार, घोडबंदर रोड, ठाणे)

नेरुळच्या १९९४ च्या इमारतीबद्दल वाशीच्या मित्रांनी जे लिहिले आहे ते मला मान्य आहे, फक्त तोच नियम सगळीकडे लावू नये, एवढ्यासाठी हे लिहितो. आमच्याकडे वाघबीळ, आनंदनगर, कासारवडवली, ओवळे या भागात आठ-दहा वर्षांच्या टॉवरमधला फ्लॅट विकायला काढला, की त्याची तुलना शेजारच्या नव्या प्रकल्पातील सॅम्पल फ्लॅटशी होते. ग्राहक सकाळी सॅम्पल फ्लॅट पाहून दुपारी आपल्या घरी येतो. तिथे पलंग नेहमीच्या मापापेक्षा लहान असतात, मधली दारे बसवलेली नसतात, आरसे आणि दिवे भरपूर असतात, आणि ते सगळे डोळ्यांत साठवून आलेल्या माणसाला आपले डाग पडलेले बाथरूम अधिकच कळकट दिसते. त्यामुळे आमच्याकडे बाथरूमचे नळ, शॉवर, कमोड, टाइल्सच्या फटी आणि स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या यांवर केलेला खर्च बहुतेक वेळा वसूल होतो. पुनर्विकास तिथे दूरची गोष्ट असल्याने घेणारा त्याच लाद्यांवर पंधरा-वीस वर्षे राहणार असतो.

जुने घर विकणाऱ्याच्या बाजूने एक मुद्दा असतो, तो मात्र बहुतेक विकणारे सांगतच नाहीत. बांधकाम चालू असलेल्या घरावर घेणाऱ्याला ५ टक्के जीएसटी द्यावा लागतो. ४५ लाखांपर्यंतच्या आणि ६० चौरस मीटर चटईक्षेत्राच्या आतल्या घराला तो १ टक्का आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या आणि पुनर्विक्रीच्या घरावर तो मुळीच नाही. सव्वा कोटीच्या घराला ही सव्वासहा लाखांची बचत आहे. ती ग्राहकासमोर कागदावर मांडून दाखवली, तर फॉल्स सीलिंगपेक्षा जास्त उपयोगी पडते.

रिकाम्या घराबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. शोकेस काढा, माळा रिकामा करा, हे बरोबर. पण सगळे घर मोकळे करू नका. रिकामी खोली डोळ्यांना लहान वाटते, आणि नऊ बाय दहाच्या खोलीत पलंग बसेल की नाही, बसला तर कपाटाचे दार उघडेल की नाही, हे ग्राहकाला कळत नाही. एका खोलीत पलंग आणि हॉलमध्ये एक साधा सोफा राहू द्या. सोबत मापाची टेप ठेवा आणि ग्राहकाला स्वतः मोजू द्या. रेरा म्हणजे स्थावर संपदा कायद्यातील व्याख्येप्रमाणे चटईक्षेत्रात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. जुन्या करारांमध्ये आकडा कोणत्या पद्धतीने लिहिला आहे ते पाहावे लागते, म्हणून आपले ५६० फूट एकदा स्वतः मोजून घ्या, म्हणजे मूल्यांककासमोर ऐनवेळी कमी भरल्याची नामुष्की येणार नाही.

उत्तर ४ (बांधकाम दुरुस्तीची कामे, कोपरखैरणे)

भिंतीच्या कामाविषयी लिहितो. आपल्याकडे पावसाची झड नैऋत्येकडून येते, त्यामुळे पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त मार खाते. डाग खिडकीखालीच असेल तर पाणी बहुधा खिडकीच्या चौकटीच्या फटीतून, आतल्या बाजूला उतार झालेल्या खिडकीच्या पट्ट्यावरून, ग्रिलच्या बोल्टांच्या भोकांतून किंवा बीम आणि विटा यांच्या सांध्यावरच्या तड्यातून शिरत असते. नेमके कुठून शिरते ते शोधायला बाहेरून नळीने पाणी मारून पाहावे लागते. खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचे, आणि आत एकाने भिंतीकडे पाहत थांबायचे. एकदम सगळीकडे पाणी मारले तर काहीच कळत नाही.

दुरुस्तीची सुरुवात बाहेरून व्हायला हवी. तडा खोलगट उघडून पॉलिमर मॉर्टरने भरणे, खिडकीचा पट्टा बाहेरच्या उताराने पुन्हा बसवून त्याच्या खालच्या बाजूला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवणे, चौकटीभोवती सीलंट भरणे, हे त्या क्रमाने करायचे. दुसऱ्या मजल्याला बांबूची परांची किंवा दोरीचा झुला लागतो, म्हणून संस्थेने शेजारच्या खिडक्यांचे कामही त्याच वेळी करून घेतले तर खर्च वाचतो. बाहेरचे झाल्याशिवाय आत हात लावू नका.

बोटांना लागणारी ती भुकटी म्हणजे क्षार आहेत. पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणते आणि वाळून गेल्यावर ते मागे राहतात. ते पाण्याने धुतले की पुन्हा आत जातात, म्हणून कोरड्या तारेच्या ब्रशने झाडावेत. डागाच्या चारी बाजूंनी फूटभर पुढेपर्यंत प्लास्टर विटेपर्यंत खरवडून काढावे, भिंत काही आठवडे उघडी वाळू द्यावी, मग वॉटरप्रूफिंगचे रसायन घातलेले नवे प्लास्टर करून सात दिवस पाणी मारावे. नव्या प्लास्टरवर रंग चढवण्याआधी साधारण चार आठवडे जाऊ द्यावेत. पीओपीची पुट्टी तिथे नको, सिमेंटची पुट्टी वापरा. भिंत वाळली की नाही ते पाहायला फूटभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. आतून दव धरले तर अजून थांबायचे. घाईने झाकलेली भिंत पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा फुटते आणि नाव रंगाऱ्याचे नाही, घरमालकाचे खराब होते.

विचारणारी

सर्वांचे मनापासून आभार. भावाला ऐरोलीच्या गृहस्थांचा अनुभव वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता, मग वॉलपेपर नको असे स्वतःच म्हणाला. संस्थेला आज अर्ज दिला असून पोच घेतली आहे. ऑडिट दोन वर्षांपूर्वी झालेले आहे आणि पुनर्विकासाचा विषय येत्या सभेत घेणार आहेत, असे चिटणीसांनी सांगितले.

दोन शंका राहिल्या. वरच्या हिशेबाने भिंतीचे काम पाडव्यापर्यंत पुरे होणार नाही. मग घर दाखवणे पुढे ढकलावे का? दुसरी गोष्ट आईची आहे. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर वडिलांनी दर वाढदिवसाला आम्हा भावंडांची उंची पेन्सिलीने लिहून ठेवलेली आहे, १९९५ पासून २००९ पर्यंत. रंग लावला की ते सगळे जाईल, म्हणून आई रंगालाच नको म्हणते आहे. यावर काही उपाय आहे का?

उत्तर १ चे लेखक (इस्टेट एजंट, वाशी-नेरुळ)

ताई, पुढे ढकलू नका. पाडवा आणि अक्षय्य तृतीया या काळात घर पाहणाऱ्यांची वर्दळ असते, आणि ज्यांना जूनमध्ये मुलांच्या शाळा नव्या घरातून सुरू करायच्या असतात ती कुटुंबे नेमकी याच वेळी निर्णय घेतात. बाकीच्या घराचे काम पुरे करा, ती एक भिंत खरवडलेलीच राहू द्या आणि संस्थेला दिलेल्या अर्जाची पोच तिथेच ठेवा. ग्राहकाला भिंत मी स्वतः दाखवेन आणि बाहेरचे काम कधी होणार आहे ते सांगेन. कोपरखैरण्याच्या मित्रांनी लिहिलेली चार आठवड्यांची मुदत कमी करायला लावणार नाही. उघडी भिंत पाहून एखादा ग्राहक परत जाईल, पण जो थांबेल तो बाकीच्या घराविषयी आपण सांगितलेले सगळे खरे मानेल. विसार घेताना भिंतीच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणाची आणि ती कोणत्या तारखेपर्यंत पुरी व्हायची, हे विसारपावतीत स्पष्ट लिहून घेऊ. ठाण्याच्या मित्रांची पलंगाची सूचना मला पटली आहे, आईंचा पलंग तिथेच राहू द्या.

चौकटीचे काम सोपे आहे. त्या काळच्या घरांत सागवानी चौकटीवर बहुधा वरून एक पातळ लाकडी पट्टी खिळ्यांनी ठोकलेली असते, आणि पेन्सिलीच्या खुणा सहसा तिच्यावरच असतात. बाथरूमचे दार बसवायला सुतार येणारच आहे. रंगारी येण्याच्या आदल्या दिवशी त्याच्याकडून ती पट्टी खिळे मागून ठोकून अलगद सोडवून घ्या आणि तिच्या जागी त्याच मापाची नवी पट्टी लावून घ्या. उभी पट्टी साडेसहा-सात फुटांची असते, रिक्षात मावणार नाही, तेव्हा टेम्पोतून सामान नेणार असाल त्या दिवशीच हे काम ठरवा. खुणा चौकटीच्या मूळ लाकडावरच असतील तर मला फोटो पाठवा, म्हणजे आमच्या सुताराला दाखवून तेवढा भाग कापून काढता येतो का ते विचारून कळवतो.